ठिपकीबाईंचे गुळगुळीत खडे

त्या माळावर शब्द बोलण्याआधी गिळावा लागे.

माळ तितरांचा होता. पाखराला दात नसतात. टिपलेला दाणा पोटातले खडे दळतात आणि मगच तो अंगी लागतो. हे सगळीकडच्याच तितरांचं झालं. या माळाचं वेगळेपण एवढंच, की इथल्या प्रत्येक खड्यात एकेक शब्द असे. पिल्लू आईच्या मागे माती उकरत हिंडे, पायाला टोचलेला एखादा खडा चोचीत घोळवून बघे, आणि तो गिळला की त्याला 'मुंगी' म्हणता येई. दुसरा गिळला की 'ऊन'. 'पाणी', 'आई' आणि 'नको' हे तर अंड्याबाहेर पडल्या दिवशीच पोटात जात. हे खडे ओबडधोबड, टोकदार आणि मातकट असत. पिल्लू त्यांच्यामुळे बोले आणि त्यांच्यामुळेच त्याचा दाणा दळला जाई. ही दोन कामं वेगळी आहेत, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मोठे शब्द मात्र माळावर मिळत नसत. 'निरीक्षण', 'तुलना', 'अनुमान', 'परिणाम' हे सगळे नदीच्या पात्रातले दगड. नदीपलीकडचा काठ सदा धुक्यात असे, त्यामुळे तिथलं नीट काही दिसत नसे. पण अलीकडे काही वर्षं दिवसभर तिकडून बोलण्याचा आवाज येई. शब्द कळत नसत. बोलणं संथ आहे, न भांडता चाललंय आणि कुणीतरी शहाणं बोलतंय, एवढं कळे. माळावर खायची मारामार होती. पलीकडे कणसं लोंबतात असं म्हणत. नदीच्या उतारावर एक राखी बगळा उभा असे आणि ज्याच्या पोटात मोठे शब्द भरलेत त्यालाच तो पलीकडे सोडत असे. आपलं पिल्लू पलीकडे जावं असं कुठल्या आईबापाला वाटणार नाही?

त्यासाठी बाभळीखाली शाळा होती. पूर्वी तिथे भुऱ्या गुरुजी शिकवत. शिकवत म्हणजे काय, तर नदीतून एक मोठा दगड लोटत आणत, पिल्लांच्या मधोमध ठेवत आणि स्वतः डुलक्या काढत. 'तुलना' आणला की पिल्लं त्याच्यावर चढत, त्याला ढकलत, चोची मारत. काळी मुंगी जास्त चावते की तांबडी, या बाभळीचा काटा लांब की त्या बोरीचा, यावरून तिथेच त्यांची जुंपत असे. असं करता करता दगड कुठेतरी तडकायचा. मग ज्याला जो तुकडा मिळेल तो त्याने घशात सरकवायचा. घसा खरचटे, डोळ्यांत पाणी येई, आणि एका मोसमात शब्द होत जेमतेम दोन. आईबाप गुरुजींपुढे पंख जोडून म्हणत, "गुरुजी, एवढ्यानं आमच्या पोरांचं कसं व्हायचं?" गुरुजी एक डोळा उघडत आणि पुन्हा मिटत.

ठिपकीबाई तेव्हा गुरुजींच्या हाताखाली नव्यानेच लागल्या होत्या. एका घाईखोर पिल्लाने 'निष्कर्ष'चा तुकडा पुरता फुटायच्या आतच गिळला आणि तो घशात आडवा बसला. ठिपकीबाईंच्या पुढ्यातच ते पिल्लू तडफडून गेलं. त्या दिवशी त्यांना दाणा गेला नाही. पुढे गुरुजी गेले, शाळा बाईंच्या अंगावर आली, तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट मनाशी पक्की केली ती ही, की माझ्या हाताखालच्या एकाही पिल्लाचा घसा खरचटणार नाही. त्यांच्या मनात माया होती, दुसरं काही नव्हतं. पुढे जे झालं ते ऐकताना हे विसरू नये.

बाई नदीवर बसत आणि वाहत्या वाळूत दगड घासत. घासताना त्या शब्दाचा अर्थ म्हणत राहत. "तुलना म्हणजे दोन गोष्टींमधील सारखेपणा आणि वेगळेपणा पाहणे." पुन्हा तेच, पुन्हा तेच, दगडाच्या सगळ्या कडा जाऊन तो थेंबासारखा गुळगुळीत होईपर्यंत. शाळेत पिल्लं रांगेने बसत, माना वर करत, चोची उघडत. बाई एकेकाच्या चोचीत एकेक खडा सोडत. तो इतका अलगद खाली जाई की गिळल्याचं पिल्लाला कळतही नसे. जिथे मोसमाला दोन शब्द होत, तिथे आता सकाळच्या एका बैठकीत पाच-सहा होऊ लागले.

आणि पिल्लं काय बोलू लागली! मुंगी दिसली की म्हणत, "हा एक सजीव आहे." ढग आला की म्हणत, "यावरून पावसाचे अनुमान करता येते." त्यांच्या आया ऐकतच राहत. एकमेकींना म्हणत, "अगदी बाईंसारखं बोलतात हो, आवाजसुद्धा बाईंचाच." बाईंना ते ऐकून बरं वाटे. कुणाला वाटणार नाही?

बोलताना पिल्लांच्या चोची हलत नाहीत, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा थोडी कुजबुज झाली. आवाज पोटातून येत होता. पण बगळ्याला ते फार सोयीचं पडलं. पूर्वी तो एकेकाला तासन्‌तास विचारत बसे आणि क्वचितच कुणाला पुढे सोडी. आता तो लांब मान खाली घाली, चोचीने पिल्लाच्या पोटावर टकटक करी आणि कान देई. आतून उत्तर आलं की "सोडा पुढे." जे बगळ्याला चालतं ते आपल्याला न चालायला आपण कोण, असं म्हणून माळानेही तो विषय सोडून दिला. प्रत्येक हंगामाला पिल्लांची रांग धुक्यात शिरे आणि पलीकडचं बोलणं थोडं वाढे. म्हातारी तितरं संध्याकाळी काठावर बसून ऐकत आणि म्हणत, "आपलीच पोरं आहेत ती." परत कुणी येत नसे. पण कणसं सोडून या खडकाळ माळावर यावं तरी कशाला?

इकडे शाळेभोवती नवल घडत होतं. जिथे पिल्लं बसत तिथे बाजरीचे कोंब फुटू लागले. पिल्लं खात ते दाणे जसेच्या तसे बाहेर पडत आणि रुजत. शाळा हिरवी झाली म्हणून माळाने कौतुक केलं. मग एकदा कोल्हा आला. सगळी मोठी तितरं भुर्रकन उडाली. पिल्लं मात्र बसल्या जागी 'धोका' या शब्दाचा अर्थ सांगत राहिली. कोल्ह्याने एकेकाला नाक लावून हुंगलं, शेवटचं पिल्लू तर पंजाने उलटं करून पाहिलं, आणि कुणालाही न उचलता तो आला तसा निघून गेला. विद्येचा मान कोल्हासुद्धा राखतो, असं लोकांनी ठरवलं. ठिपकीबाई झाडावरून हे बघत होत्या. कोल्ह्याने एकालाही का उचललं नाही, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

कवडी ही बाईंची लेक. उतारवयातलं शेंडेफळ, अंगावर कवडीसारखे पांढरे ठिपके. शाळेत ती आईला 'बाई' म्हणे आणि घरी आल्यावर 'आई'. भारी चौकस पिल्लू. माती उकरायची, सापडलेला प्रत्येक खडा चोचीत धरून आईपुढे आणायची आणि मान वाकडी करून बघत राहायची, जणू हा कोण ते मला आता कळलंच पाहिजे. पण शाळेत ती मागे पडत होती, कारण एका खड्यापाशी रेंगाळण्यात तिची सकाळ जाई. बाईंचीच पोर मागे राहिली तर लोक काय म्हणतील? बाई तिला इतरांपेक्षा दोन खडे जास्त देऊ लागल्या. ओरडून नाही, मारून नाही, मांडीशी घेऊन प्रेमाने.

एकदा झोपायच्या आधी कवडी म्हणाली, "आई, माझ्या पोटात कुणीतरी बोलतंय."

"तूच बोलतेस गं राणी."

"मी नाही बोलत. मी गप्प असले तरी ते बोलतं."

"मग चांगलंच आहे की. तेवढंच पाठ होईल."

कवडीने नंतर तो विषय काढला नाही. हळूहळू तिने कुठलाच विषय काढणं बंद केलं. खडे चोचीत धरून आईपुढे आणणंही थांबलं. ती नीट बसे, मान वर करी, चोच उघडी. बाई सगळ्यांना सांगत, "सुधारली हो माझी पोर."

त्याच सुमारास सावळी शाळेत आली. तिचं एकुलतं एक पिल्लू कवडीच्या शेजारी बसे. ती बराच वेळ नुसती बाभळीखाली घोटाळली, मग म्हणाली, "बाई, रागावू नका. पोरगं दिवसभर उन्हात बसून असतं. पाणी पी म्हटलं तर पाण्याचे उपयोग सांगतं. पीत नाही."

"उपयोग बरोबर सांगतो ना?"

"बरोबर सांगतो हो. त्याच्याबद्दल माझी तक्रारच नाही."

"परीक्षा झाली की पलीकडे खाईल-पिईल पोटभर. आता नेट सोडू नकोस."

सावळी मान हलवून गेली. बाईंचं बोलणं तिला पटलं होतं, कारण ते पटावं अशीच तिची इच्छा होती. बाईंचंही तसंच होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी धुकं नदी सोडून माळावर आलं होतं. बाई कवडीला उठवायला गेल्या. ती जागीच होती, डोळे उघडे ठेवून बसली होती. ती बसली होती तिथे गवतात काही बारीक खडे पडले होते. मातकट, टोकदार. बाईंनी एक चोचीत घेतला आणि त्याच्या चवीवरून ओळखला. तो 'पाणी' होता. दुसरा 'नको' होता. पोटातल्या गुळगुळीत खड्यांनी जागा अडवली होती आणि हे जुने खडे एकेक करून बाहेर ढकलले गेले होते. तिसरा खडा बाईंनी चोचीत घेतला. तो 'आई' होता.

"कवडे, हा गिळ बघू," बाई म्हणाल्या.

कवडीने मान वर करून चोच उघडली. खडा आत गेला. बाई बघत राहिल्या. थोड्या वेळाने कवडी किंचित हलली, आणि खडा पुन्हा गवतात पडलेला होता. बाईंनी तिला पंखाखाली घेतलं. पंखाखाली काही आहे असं वाटेना. रिकामं कणीस असावं तशी ती हलकी झाली होती. जे काही वजन होतं ते खड्यांचं होतं.

तेव्हाच परीक्षा मोडायला हवी होती, हे बाईंना कळत होतं. पण बाहेर सगळा माळ जमला होता. आया पिल्लांची पिसं सारखी करत होत्या, म्हातारी तितरं काठावर जागा धरून बसली होती. आणि पलीकडे कणसं होती. पलीकडे गेली की चार दाणे खाईल आणि भरून येईल, असं बाईंनी मनाला समजावलं. मनही मोठं समजूतदार, ते समजलं.

बगळ्याने एकेका पोटावर टकटक केली. आतून एकेक अर्थ स्वच्छ, खणखणीत बाहेर आला. कवडीचं पोट तर टकटक करायच्या आधीच बोलू लागलं. बगळ्याने माळावर आजवर कुणाचं केलं नव्हतं तेवढं तिचं कौतुक केलं. आया बाईंकडे बघून हसल्या.

रांग पाण्यातल्या दगडांवरून निघाली. पिल्लं मागे वळून बघत नव्हती. एकही नाही. बाईंना राहवलं नाही. त्या पुढे धावल्या आणि म्हणाल्या, "कवडे, भूक लागलीय का गं तुला?"

कवडी थांबली. तिची चोच मिटलेलीच होती. पोटातून बाईंच्या आवाजात उत्तर आलं, "भूक म्हणजे शरीराला अन्नाची गरज असल्याची जाणीव." कवडीचे डोळे मात्र बाईंवर खिळले होते, आणि त्या डोळ्यांना बाई कोण हे आठवत नव्हतं. मग ती वळली आणि चालू लागली.

बाई तिच्यामागून पाण्यातल्या दगडांवर उतरल्या. काठावर एकदम गलका झाला. बगळा अडवेल म्हणून बाईंनी पंख आवळून घेतले. पण तो नुसता बाजूला सरला.

"मला जाऊ देणार?" बाईंनी विचारलं.

"शिकवणाऱ्याला कधी अडवलेलं नाही," बगळा म्हणाला. "आजवर कुणी आलंच नाही."

तोही त्यांच्यामागून संथ पावलं टाकत आला.

पलीकडे खरोखरच कणसं होती. दाण्यांनी इतकी जड झालेली की जमिनीला टेकली होती. त्यांना कुणी चोच लावलेली दिसत नव्हती. बोलण्याचा आवाज आता अगदी जवळ होता, सगळ्या बाजूंनी येत होता, आणि बाई ज्या पाखरांना शोधत होत्या ती कुठेच नव्हती. गवतात छोटे छोटे ढीग होते. एका पाखराच्या बसण्याएवढा एकेक ढीग, ओळीने, धुक्यात दूरपर्यंत. ढीग गुळगुळीत खड्यांचे होते. काहींमध्ये विटलेली पिसं अडकली होती, काहींमध्ये तीही उरली नव्हती. खडे बोलत होते. 'कारण' म्हणजे काय ते सांगत होते, 'परिणाम' म्हणजे काय ते सांगत होते. माळाने वर्षानुवर्षं काठावर बसून अभिमानाने ऐकलेलं बोलणं हेच होतं, आणि त्या सगळ्या धुक्यात आवाज एकच होता. तो ठिपकीबाईंचा होता.

नुकतीच आलेली पिल्लं न सांगता पुढच्या मोकळ्या ओळीत जाऊन बसत होती. सावळीचं पिल्लू बसलं आणि त्याने डोळे मिटले.

बगळा एकेका ढिगावर टकटक करत, कान देत पुढे चालला होता.

"पाखरं कुठंयत?" बाईंना स्वतःचा आवाज कसाबसा काढता आला. त्यालाही आता खड्यांसारखाच नाद येत होता.

"मला शब्द सांभाळायला ठेवलंय," बगळा म्हणाला. "ते सगळे आहेत जागच्या जागी. बघा ना, एकही चुकत नाही."

बाईंनी कवडीला धरलं. तिला ओळीतून ओढून काढलं, उलटी केली, चोच फाकवली आणि तिचं पोट दाबलं. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. खडे एकामागून एक बाहेर घरंगळले, प्रत्येक खडा पडता पडता आपला अर्थ सांगत होता. सगळे पडून गेल्यावर कवडी गवतावर चोळामोळा होऊन पडली. तिच्या पोटात आता एकही शब्द नव्हता, लहान नाही आणि मोठाही नाही. पण पोट हळूहळू खालीवर होत होतं.

बाईंनी त्यातला एक खडा उचलला आणि दुसऱ्यावर आपटला. पुन्हा आपटला. चोचीला तडा गेला, रक्त आलं, तरी आपटत राहिल्या. अखेर तो फुटला. 'निरीक्षण' होता तो. त्याचा एक तुकडा कवडीजवळ जाऊन पडला, वाकडातिकडा, धारदार, आतून निळसर.

कवडीने डोळे उघडले. तिने तुकड्याकडे पाहिलं. मग पाय पुढे करून तो उकरला, चोचीत धरला, पुन्हा टाकला. त्याची धार तिच्या जिभेला लागली असावी, कारण ती दचकली आणि तिने तो पुन्हा उचलला. उलटा केला. उजेडाकडे धरला. किती दिवसांनी पोर काहीतरी बघत होती. बाईंना हुंदका आला. तो त्यांनी गिळला, कारण पोरीचं लक्ष मोडायला नको होतं.

मग कवडी तुकडा घेऊन सरपटत आईपुढे आली. मान वाकडी केली आणि बघत राहिली.

उत्तर बाईंच्या घशापर्यंत आलं होतं. बाईंनी रक्ताळलेली चोच घट्ट मिटली. नाही सांगायचं, पोरीला बघू दे, तिचं तिला कळू दे, कितीही वेळ लागू दे. त्यांनी श्वाससुद्धा धरून ठेवला.

तेव्हा धुक्यातले सगळे ढीग, जवळचे आणि दूरचे, एकदम, बाईंच्या आवाजात म्हणाले, "निरीक्षण म्हणजे एखादी गोष्ट लक्षपूर्वक पाहणे."

कवडीने तुकडा खाली ठेवला. मग ती नीट बसली, मान वर केली आणि चोच उघडली.